उत्तरेचे स्वयंसेवी रंगकाम

उत्तर दिशा ही सार्वजनिक मालमत्ता असल्यामुळे तिची देखभाल कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. ही उणीव लक्षात आल्यावर महिला वैमानिक मंडळाने ती स्वतःहून अंगावर घेतली.

छोट्या विमानतळावर जमिनीवर एक भलेमोठे दिशाचक्र रंगवलेले असते. त्यावर विमान उभे करायचे, चक्राची उत्तर आणि विमानातल्या होकायंत्राची उत्तर जुळते का ते पाहायचे आणि जुळत नसेल तर होकायंत्राचा कान पिळायचा. इथले चक्र झिजून फक्त नैऋत्य उरली होती. व्यवस्थापकांनी मंडळाचा प्रस्ताव ताबडतोब मंजूर केला, कारण त्यात खर्चाचा रकाना रिकामा होता. "बायका रंगवणार म्हटल्यावर मध्ये एखादं फूल आलं तरी चालेल," असेही ते म्हणाले.

मंडळाच्या अध्यक्षा कॅप्टनबाई. (खरे नाव दुसरे होते, पण ते घरचेही विसरले होते.) आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही, याचा त्यांना अभिमान होता. त्यापायी किती लग्नांना त्या पंगती उठल्यावर पोचल्या, ते नणंदेला विचारावे. ती मंडळाची खजिनदार होती आणि दर वेळी सोबत होती.

रंगवायच्या दिवशी खरी उत्तर मोजून देणारा मोजणीदार आलाच नाही. डबे उघडले होते आणि उघडलेल्या डब्यापुढे शास्त्राचे काही चालत नाही. "त्याच्यावाचून काय अडलंय? माझ्या विमानात होकायंत्र आहे की," कॅप्टनबाई म्हणाल्या. त्यांचे विमान मधोमध आणले, सुईने उत्तर दाखवली तशी खडूने रेघ मारली आणि मंडळ गुडघे टेकून कामाला लागले. चक्र वाळल्यावर पहिले तपासले ते अध्यक्षांचेच विमान. चूक शून्य. टाळ्या झाल्या.

बाकीची सगळी विमाने मात्र बारा अंशांनी चुकलेली निघाली, तीही एकाच बाजूला. (इतक्या शिस्तीने चुकणे हा निष्काळजीपणाचा कळस होय.) मेकॅनिकने एकेक होकायंत्र सुधारायला घेतले. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की धावपट्टीही चुकली आहे. पट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा म्हणजे तिची दिशा, आणि तो चक्राशी जुळेना. असल्या पट्टीवर इतकी वर्षे विमाने सुखरूप उतरत होती, हे ऐकून व्यवस्थापकांच्या अंगावर काटा आला. रंग उरलाच होता. मंडळाने आकडाही बदलून दिला.

शेवटी राहिले कॅप्टनबाईंच्या लेकीचे शिकाऊ विमान. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी दुसऱ्या गावी उडणार होती, आणि वाट डोंगराच्या अगदी कडेने होती. आपली पाळी येईतो ती आईच्या विमानात येऊन बसली.

"आई, चक्र कशावरून आखलंस?"

"ह्या होकायंत्रावरून."

"आणि हे बरोबर आहे, कशावरून?"

"चक्राशी तंतोतंत जुळतंय ना."

बोलून झाल्यावर कॅप्टनबाईंना आपलेच वाक्य ऐकू आले. लेकीने होकायंत्राशेजारी चिकटवलेला फोटो ओढून काढला. फोटो तिचाच, पुढचे दोन दात पडलेला. मागे लोहचुंबक होते. सुई बारा अंश सरकली आणि निमूट उभी राहिली.

"हा इथे कशाला लावलास?"

"समोर दिसावीस म्हणून."

लेकीचे विमान तेवढे गुपचूप वगळावे, असे एकदा कॅप्टनबाईंच्या मनात आले आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी तडक मंडळाची सभा बोलावली, व्यवस्थापकांनाही. "चक्र वाकडं आहे. चूक माझी आहे," त्यांनी सांगून टाकले.

"वहिनी, तुमचा हा साधेपणाच तुम्हाला नडतो," नणंद गहिवरून म्हणाली. व्यवस्थापकांनी शांतपणे विचारले, "मॅडम, चक्र चुकलं असतं तर सगळी विमानं आता त्याच्याशी जुळली असती का?" मतदान झाले. उत्तर आहे तिथेच राहावी, असे एक सोडून सर्वांचे मत पडले. (अध्यक्षांना निर्णायक मत असते, पण ते समसमान झाल्यावर.)

मग कॅप्टनबाई लेकीच्या विमानापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मेकॅनिकला जवळ फिरकू दिले नाही. लेक न सुधारलेल्या होकायंत्रावर उडाली. "आई, पोचले गं," असा फोन आला तेव्हा कॅप्टनबाई भर दुपारी चक्रावर बसून रडल्या. अहवालात नोंद झाली: चक्राशी न जुळणारे एक विमान योगायोगाने सुखरूप पोचले; पुनरावृत्ती टाळावी. बाकीची विमाने नदी आणि रस्ते बघत पोचतात आणि श्रेय चक्राला देतात.

तुम्ही मात्र कपाळाला हात लावू नका. तिथे तुम्हीही उतरला आहात. उतरताना विमान जरा जास्तच वळले, तुम्ही खिडकीतून ते ठसठशीत चक्र पाहिलेत आणि शेजारच्या प्रवाशाला म्हणालात, "काम असं चोख असावं."