खैरूनबींची नखपरीक्षा

"नखांचा निकाल? तिसऱ्या प्रहरी असरची अजान व्हायच्या आत लावते!" खैरूनबींनी दुपारी जेवता जेवता जाहीर केलं आणि ते ऐकून कुणालाच शंका आली नाही. भवानी पेठेतल्या त्या गल्लीचं हायकोर्ट म्हणजे खैरूनबी! रोज्यात दात घासावेत का, नाकात औषधाचे थेंब टाकले तर रोजा राहतो का, असले सगळे खटले त्यांच्याच ओट्यावर चालायचे. मशिदीतले हाफिजसाहेब मोठे जाणकार, पण ते बिचारे "किताब बघून सांगतो" म्हणायचे. खैरूनबींना किताब लागत नसे. घरात त्या दखनीत बोलायच्या, मात्र निकाल द्यायचा किंवा कुणाला झापायचं झालं की मराठीत यायच्या. मराठीत सांगितलेलं डोक्यात लवकर शिरतं, असं त्यांचं मत होतं.

या खेपेला आरोपी घरातलीच होती. नात, अलफिया. उद्या तिचा बार्शीच्या मुलाशी निकाह, आणि तिला बोटांना लांब, गुलाबी, चकाकणारी खोटी नखं चिकटवून हवी होती.

"न्हाय चालत!" खैरूनबींनी सकाळीच सांगून टाकलं. "नमाजाआधी हात-तोंड धुताना नखाखाली पाणी गेलं न्हाय तर वुजू हुत न्हाय. वुजू न्हाय तर नमाज न्हाय."

"मग मेंदी कशी चालते?"

"मेंदी रंग हाय, झाकण न्हाय!"

"मोबाइलवर एक मौलाना म्हणतात, काढता येत असतील तर चालतात. दुसरे म्हणतात, अजिबात नाही. तुम्ही तरी कशावरून सांगता, दादीमाँ? खोटं नख कधी हातात तरी धरलंय का? न बघता निकाल!"

एवढं बोलून अलफिया आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून अबोला.

खैरूनबींच्या ते जिव्हारी लागलं. वरवंटा घेऊन त्यांनी स्वतः मेंदीचा पाला वाटून ठेवला होता. परसातलं मेंदीचं झाड नव्या बाथरूमपायी गेलं, त्याला वर्षं लोटली. हा पाला त्यांनी कुणाकुणाकडून मागून आणला होता. पोर चार वर्षांची होती तेव्हापासून दर ईदेला तिच्या हातावर मेंदी लावायची ती दादीनंच. आता शेवटची मेंदी, आणि पोरगी तोंड फिरवून बसलेली! ती अशीच फुगून सासरी गेली तर? या विचारानं खैरूनबींनी ताट अर्धंच सोडून हात धुतले.

"न बघता म्हणते व्हय? बघूनच येते!" असं पुटपुटत त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली आणि मागच्या गल्लीतलं श्रीदेवीचं ब्यूटी पार्लर गाठलं.

श्रीदेवी दुसऱ्या एका नवरीकडं गेली होती. दुकानात होती तिची सासू सुंदरम्मा, म्हणजे खैरूनबींची जिवाभावाची मैत्रीण. तरुणपणापासून अलफिया लहान असेपर्यंत दोघी एकाच ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा आणि बोटावर चढवलेल्या पत्र्याच्या नखानं बिडीचं तोंड मुडपायचं. खटक, खटक! मागच्या गल्लीतल्या विणकरांच्या मागांचा खडखडाट आणि ओट्यावरची ही खटखट, याच तालावर दोघींनी पोरं वाढवली, सासवांच्या चुगल्या केल्या आणि एकमेकींच्या भाकरीला कालवण पुरवलं. ते दिवस आठवले की खैरूनबींना आजही तंबाखूचा वास यायचा आणि डोळे चुरचुरायचे. डोळे तंबाखूनंच चुरचुरतात, असं त्या सांगायच्या.

"सुंदरे, एक खोटं नख लाव मला," खैरूनबी म्हणाल्या.

सुंदरम्माच्या हातातला पंखाच गळाला. "अगं बाई! नवरी कोण हाय, तू का अलफिया?"

"तपासायचंय! हळदीच्या पाण्यात बोट बुडवते. मग नख काढायचं. खालचं माझं नख पिवळं झालं तर पाणी पोचलं. न्हाय झालं तर न्हाय पोचलं. हाय का न्हाय पक्का पुरावा?"

"लई डोकं हाय बघ तुला," सुंदरम्मा मनापासून म्हणाली. "पर एकानं काय कळतंय?"

"शितावरून भाताची परीक्षा करतात की."

"करू देत. पाची बोटं सारखी नसतात की!"

खैरूनबींनी उजवा हात पुढं केला. पाची बोटांवर नखं बसली. ड्रॉवरमध्ये दोन ट्यूब होत्या. एक नखांच्या गोंदाची. दुसरीनं श्रीदेवीच्या नवऱ्यानं कालच पार्लरच्या खुर्चीचा मोडलेला हात चिकटवला होता, आणि त्या हातावर आज सकाळी एक चांगलं वजनदार गिऱ्हाईक रेलून बसलं होतं तरी तो हलला नव्हता. सुंदरम्मानं चष्मा घरी ठेवला होता. तिनं नेमकी दुसरी ट्यूब उचलली!

हळदीच्या पाण्यात हात बुडाला. बोटं पिवळीधमक झाली. दोघी खूश!

"आता काढ," खैरूनबी म्हणाल्या.

सुंदरम्मानं ओढलं. मग जोर लावून ओढलं. मग पाय स्टुलाला टेकवून ओढलं.

"आई गं! बोट येईल हातात!"

"नख तेवढं येईना बघ!"

आणि तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून असरची अजान सुरू झाली.

खैरूनबींच्या तोंडचं पाणी पळालं. अजान झाली की वुजू, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. तापात चुकला नाही, बाळंतपण सोडलं तर कधीच चुकला नाही. आणि आता वुजू करायचा कसा? पाणी पोचत नाही असा निकाल त्यांनीच सकाळी दिलेला! शिवाय घर पाहुण्यांनी भरलेलं. हा चकाकता हात घेऊन उंबरा ओलांडायचा कसा?

"श्रीदेवीला फोन लाव!"

"लावला. उचलंना. कुणाच्या तरी भुवया करत असंल." सुंदरम्मानं विचार केला आणि टॉवेलची एक पट्टी फाडली. "हात दे. बांधून टाकते. लागलंय म्हणून सांग. श्रीदेवी आली की पाठवून देते."

घरात पाऊल टाकताच सून नसीम ओरडली, "अम्मी! हाताला काय झालं?"

"किरकोळ हाय."

लग्नघरात किरकोळ काही नसतं! किरकोळ हे ओट्यावर मुकामार झालं, माजघरात फ्रॅक्चर झालं आणि मागच्या दारातून बाहेर पडेपर्यंत खैरूनबी जिन्यावरून पडल्या होत्या. घराला जिना नव्हता. शेजारणी हळद घातलेलं दूध घेऊन आल्या. खैरूनबींची पिवळी बोटं पट्टीच्या फटींतून डोकावत होती, ती बघून एकजण म्हणाली, "हळद लावलीय, म्हंजे मार जबरच हाय." कुणीतरी बार्शीला फोन केला. तिकडून विहीणबाईंचा उलट फोन, "दादीमाँची तब्येत बरी नसेल तर निकाह पुढं ढकलायचा का?"

नसीम रडायला लागली. आणि कुणा भल्या माणसानं गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चन्नवीरला आणलं. चन्नवीर हाड बसवण्यात पटाईत. निदान तो स्वतः तसं सांगायचा.

"पट्टी सोडू नका!" खैरूनबी किंचाळल्या.

"सोडत न्हाय, आज्जी. वरनंच बघतो." त्यानं डोळे मिटून पट्टीवरून बोटं चाचपली. टोकाशी आल्यावर त्याचा चेहराच बदलला. पट्टीच्या आत, बोटं जिथं संपायला हवीत त्याच्याही पुढं, काहीतरी टणक होतं. पाची बोटांना!

"अरं देवा," चन्नवीर म्हणाला. "हाडं टोकातनं भाईर आलीत की!"

घरात हलकल्लोळ माजला. एकीला घेरी आली. नसीमनं पुन्हा बार्शीला फोन लावला.

खैरूनबींचं लक्ष मात्र खिडकीकडं होतं. उन्हं कलली होती. सूर्य मावळून मगरीब व्हायच्या आत असर पढायची होती.

"अम्मी, नमाजची काळजी करू नका," खैरूनबींची थोरली लेक समजुतीनं म्हणाली. "जखमेवर पट्टी असली की पट्टीवरून ओला हात फिरवायचा, वुजू होतो. तुम्हीच तर शिकवलंय आम्हाला!"

शिकवलं होतं खरं! पण जखम असली तर. खोट्या नखांवर बांधलेल्या खोट्या पट्टीवरून ओला हात कसा फिरवणार? माणसांना फसवता येतं, गल्लीला तर सहजच येतं. पण त्याला? खैरूनबींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच निकालानं पकडलं होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी तंबाखूचं कारणही नव्हतं.

त्यांना रडताना बघून आतल्या खोलीचं दार उघडलं. अलफिया धावत आली. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं तोंड उघडलं. "दादीमाँ, माझ्यामुळं झालं ना हे? मी तोडून बोलले. नकोत मला नखं! लई दुखतंय का?"

खैरूनबींनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, तिला मोरीत नेलं आणि आतून कडी लावली. मग त्यांनी पट्टी सोडली.

मोरीच्या झरोक्यातून आलेल्या उन्हात पाच गुलाबी नखं चमकली. करंगळीवरच्या नखाला तर खडा होता!

अलफिया आधी बघतच राहिली. मग तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मग बादलीच्या कडेवर बसली. मग बादलीसकट उलटली. बाहेर नसीम दार बडवत होती, "काय झालं? कोण पडलं?" आणि आत दादी-नात एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. केवढं बरं वाटलं खैरूनबींना!

"तपासायला गेले होते गं. न बघता निकाल देते म्हणालीस न्हवं?"

एवढ्यात श्रीदेवी नखपॉलिश काढायच्या औषधाची बाटली घेऊन धापा टाकत आली आणि अलफियानं कडी काढून तिला तेवढीला मोरीत घेतलं. बोटं त्यात बुडवून ठेवली आणि एकेक नख सुटत गेलं. खाली खैरूनबींची स्वतःची नखं, आजूबाजूच्या पिवळ्या बोटांत अगदी पांढरीशुभ्र!

"बघ!" खैरूनबी ओरडल्या. "पाणी पोचलं न्हाय! मी म्हणत न्हवते?"

घाईघाईनं वुजू करून त्यांनी सूर्य टेकायच्या आत असर पढून घेतली. मगरीबनंतर मेंदीचं ताट समोर आलं. अलफियाचा तळवा मांडीवर घेऊन पिवळ्या बोटांनी त्यांनी पहिला ठिपका टेकवला.

"दादीमाँ, एक विचारू? तुम्ही बिड्या वळायचा तेव्हा पत्र्याचं नख लावायचा. ते खोटंच होतं की!"

"ते पोटासाठी हुतं. आणि अजान झाली की काढून पानाच्या डब्यात ठेवायचे."

"माहितीय. तुम्ही नमाजला उभ्या राहिलात की मी ते चोरून घालायचे. खटक, खटक. सगळ्या घरात मला तेच एक खेळणं आवडायचं." अलफिया थोडं थांबली. "मग निकाहला मेंदी. आणि वलिम्याच्या जेवणाला... काढता येणारी? रात्रीची इशाची नमाज झाल्यावर?"

खैरूनबींनी मेंदीचा दुसरा ठिपका टेकवला.

"हाफिजसाहेबांना विचार," त्या म्हणाल्या. "ते किताब बघून सांगतील."

दादीमाँचा हात बरा झाल्याचा निरोप बार्शीला गेला आणि दुसऱ्या दिवशी निकाह ठरल्या वेळी झाला. पाच हाडं नुसत्या हातानं बसवणारा म्हणून चन्नवीरचं नाव पार सांगोल्यापर्यंत पोचलं, आणि खैरूनबींनी ते खोडून काढलं नाही. अलफिया दादीच्या गळ्यात पडून रडली, हसली, परत रडली आणि लालभडक हात हलवत बार्शीच्या गाडीत बसली.

मांडव उतरला. घर एकदम मोठं झालं. खैरूनबींनी सवयीनं पानाचा डबा उघडला, तर कोपऱ्यातलं पत्र्याचं नख गायब! त्या जागी पाच गुलाबी नखं नीट ओळीत मांडून ठेवलेली.

त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं आणि खड्याचं नख बोटावर नुसतंच टेकवून डब्याच्या झाकणावर आपटलं. खटक, खटक. आवाज पत्र्याचा नव्हता, पण ताल तोच होता.

"खैरून!" ओट्यावरून सुंदरम्माची हाक आली. "श्रीदेवीनं खोट्या पापण्या आणल्यात! तपासायच्या का गं?"

खैरूनबींनी उठून तिच्या तोंडावर दार लावलं. कडी मात्र लावली नाही.