गंगापूर रोडवरची आगबोट

नाशिकला समुद्र नाही, हे आमच्या तळमजल्यावरच्या दाबकेकाकांना पटवणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, पाहुण्यांच्या गाड्यांच्या जागेत, त्यांची आगबोट उभी आहे. खरीखुरी, वाफेवर चालणारी, खाडीतली जुनी लाँच. भंगारात निघालेली ही बया काकांनी कोकणातून ट्रकवर घालून, कसारा घाट चढवून आणली.

रोज सकाळी काका चिंच लावून तिचं पितळ घासतात. गाडी लावायला कुणी जवळ आलं की "बाजूनं घ्या, बंदर आहे हे" म्हणून दरडावतात. लिफ्ट अडकू दे नाहीतर नळाला पाणी नसू दे, यांचं उत्तर एकच: "जरा वाफ धरू द्या."

मी सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायला निवडून दिलेला माणूस. मीटिंगमध्ये ठरलं की काकांनी महिनाभरात बोट हलवावी, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचं. काकांचा चेहरा असा उतरला की मलाच राहवेना. खटपट करून एक संग्रहालय गाठलं. तिथले साहेब आले, बोट बघून खूश झाले. फक्त म्हणाले, बाकाची फळी पार कुजलीय, ती बदलावी लागेल.

"फळीला हात लावायचा नाही," काका म्हणाले, आणि साहेबांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

माझं डोकंच फिरलं. एका फळीपायी अख्खी बोट घालवायला निघालाय हा माणूस! दुपारी तावातावानं खाली गेलो, तर काका त्याच बाकाच्या एका टोकाला बसलेले. मी शेजारी टेकणार, तेवढ्यात म्हणाले, "तिथं नको."

मग हळूहळू सांगायला लागले. लग्नानंतर वऱ्हाड याच लाँचनं खाडी ओलांडून आलं होतं. नवी नवरी या बाकावर, शेजारची जागा मोकळी. पण समोर सगळी वडीलधारी मंडळी; त्यांच्यादेखत बायकोशेजारी बसायची रीत नव्हती. काका पलीकडचा काठ येईपर्यंत ट्रंक धरून उभेच राहिले. काकू गेल्यावर त्यांनी ही लाँच हुडकून काढली.

"उतरताना हळूच म्हणाली होती, बसायचं होतंत की," काका म्हणाले. "आता रोज बसतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. काकांनी फळीवरून हात फिरवला.

"बोट भंगारात जायला नको. सांगा साहेबांना, बदला फळी. फक्त आज नको."

मी बाहेर येऊन फोन लावला आणि साहेबांना काकांचा होकार कळवला; फक्त एक आठवडा मागून घेतला.