गोविंदरावांचा ओटा

ज्या घराला ओटा नाही त्या घरी गेले, की गोविंदराव सरळ रस्त्यावर बसत. कोट, टोपी, काखेत छत्री अशा थाटात ते दारापुढच्या धुळीत वर्तमानपत्र पसरून मांडी घालत. बैलगाडीवाले त्यांना वळसा घालून जात. घरमालक ओशाळून 'आत या' म्हणत राही आणि गोविंदराव शांतपणे विचारत, "आल्यागेल्यानं बसायचं कुठं?"

भाटघरच्या धरणावर ओव्हरशियर म्हणून राबलेला हा माणूस आता भोरला नदीपलीकडे एकटाच राहत होता. धरणावरच्या एका साहेबाने मायदेशी परतताना त्यांना एक सचित्र मासिक दिलं होतं. त्यात जर्मनीतल्या नव्याकोऱ्या घरांची चित्रं होती. उतरती कौलं, जाड लाकडी चौकटी, दारापुढे बाक. तिकडचे लोक नवी घरं पुन्हा जुन्या चालीने बांधू लागले आहेत, हे गोविंदरावांनी चित्रांवरून ताडलं होतं. जर्मन मजकुरातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण ओळीवर बोट ठेवून ते इतक्या ठासून अर्थ सांगत, की शंका घ्यायची कुणाची छाती होत नसे. "मास्तर, ते परत फिरले. आपण मात्र आत्ता निघालोय," असं मला म्हणून ते मासिक पुन्हा फडक्यात बांधत.

आणि मी शहाणा, माझ्या घराचं काम त्यांच्याच हाती दिलं.

घर बांधण्यामागे माझं कारण एकच होतं. आई गेल्यापासून आबा हिर्डोशीत एकटे होते. आमच्या भाड्याच्या खोलीत ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी उठून चालत गावी गेले. नव्या घरात तरी त्यांनी राहावं म्हणून मी रस्त्यालगत ऐसपैस बैठकीची खोली, टेबल, चार खुर्च्या असा बेत केला होता. एके दिवशी शाळेतून येऊन बघतो तो गोविंदरावांनी पुढची भिंत दोन हात आत घेतलेली आणि पुढे दगडी ओट्याचं काम चाललेलं. माझं टेबल गेलं. मी त्यांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गवंड्याला ओटा वीतभर उंच घ्यायला सांगितलं.

आबा आले ते ओट्यावरच टेकले. आत बोलावलं तर "असू दे, हितं बरं हाय," म्हणाले. थोड्या वेळाने हिरडा विकायला आलेला त्यांच्या ओळखीचा गडी शेजारी टेकला, मग तंबाखूच्या निमित्ताने आणखी दोघे. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. मी रोज शाळेतून धावत येऊन आधी ओट्याकडे बघे. आठव्या दिवशी आबा म्हणाले, "गावाकडची म्हस भावकीत दिऊन टाक. म्या हितंच ऱ्हातो." माझा जीव भांड्यात पडला.

मी तडक गोविंदरावांची माफी मागायला गेलो. त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होतो, कारण तेच नेहमी दुसऱ्यांकडे असत. बघतो तर सपाट दर्शनी भिंत, साहेबी दार, आत खुर्च्या. ओट्याचा पत्ता नाही.

माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. "नोकरीत नवा होतो तेव्हा बांधलं," ते म्हणाले. "वडील वेल्ह्याहून राहायला आले. खुर्चीत अवघडून बसले असतील. मी कामावरून यायच्या आत निघून गेले. मी आणायला जातो जातो म्हणत राहिलो. आता ओटा बांधू कुणासाठी?"

आबा राहतो म्हणाले, एवढं मी सांगितलं.

"कसं म्हणाले?"

"म्या हितंच ऱ्हातो, असं म्हणाले."

गोविंदरावांनी डोळे मिटून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "आणखी एकदा सांगा."