काथवटे दरोग्यांच्या निजल्या रेघेची हकीकत

श्री. जे दिसते त्यास एक नमस्कार, आणि जे दिसत नाही त्यास दोन नमस्कार करोन लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तावीस, वैशाखमासी, राज्यात वर्तमान ऐसे जाहले जे, यंत्रशाळेचे दरोगे येसाजीपंत काथवटे यांस विजेची लाट डोळां पाहावी ऐसा ध्यास लागला. लाट दाखविणारा ऑसिलोस्कोप सरकारातून काही मिळेना. मग पंतांनी घरच्या लॅपटॉपाचे साउंड कार्ड कामी लाविले, माइकाच्या भोकात तार खोविली, जोर बेताचा यावा म्हणोन मध्ये रोधक जोडिला, आणि पडद्यावर हिरवी रेघ नाचो लागली. अवघे शहर लोटले. कोणी रेडिओ आणी, कोणी पंखा आणी, आणि पंत रेघ पाहोन निवाडा देत. रेघ नाचली तर तार जिवंत, निजली तर मेली, मग खुशाल हात घालावा, ऐसा रिवाजच पडिला. परंतु कार्ड ते आवाजाचे. भरभर हलते तेच त्यास कळे. एकसारखा उभा असलेला विजेचा जोर, अथवा फार संथ ठोका, त्याचे लेखी नव्हताच. हे पंतांस ठाऊक नव्हते, आणि कोणास पुसावे हा पंतांचा स्वभाव नव्हता.

मग महाराजांचा जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीस आला. पंतांचे कुटुंब चिमाबाई सोल्डरिंगास बसल्या होत्या. त्या बोलिल्या, "अहो, चालूच आहे की हे. बंद करू या का?" पंत हसोन बोलिले, "रेघ बघ ना, निजलीये. धर बिनघोर." बाई बोलिल्या, "तुम्ही म्हणताय म्हणून धरते हां." आणि यंत्रातील तार धरिली, आणि तैशाच मागे कोसळल्या, आणि यंत्र त्यांजबरोबर खाली आले, आणि फ्यूज उडोन घरातील पंखे थांबले. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालत राहिला. पंतांनी बाईंचे मनगट धरिले नाही. माइकाच्या भोकातील तारेची टोके छातीस लाविली आणि पडद्याकडे पाहिले. रेघ निजलेली. वैद्यराज आले, त्यांनीही पडदाच पाहिला आणि मान हलविली.

मग बाईंस न्हाऊ घातले, हिरवे लुगडे नेसविले, मळवट भरिला, आणि नदीकाठी नेले. लाकडे रचोन जाहली तेव्हा बाईंच्या आई गोदूबाई, ज्यांस डोळ्यांनी दिसत नसे, त्यांनी लेकीच्या छातीवर गाल टेकिला. मग हळूच बोलिल्या, "जावईबापू, हिच्या आत कोण चालतंय?"

मंडळी चार पावले मागे सरली. आम्हीही सरलो, खोटे का लिहावे. पंत बोलिले, "सासूबाई, रेघ मी स्वतः पाहिलीये." तों चिमाबाईंनी डोळे उघडिले. मळवट ओघळोन पापणीत उतरला होता. बोलिल्या, "न्हाऊ घातलंत तेव्हापासून ऐकतेय मी. हाक मारवेना. वाटत होतं, एकदा तरी हात धरून बघाल."

सारांश, बाई आईकडेच राहिल्या. कार्डाच्या साक्षीने कोणास मृत म्हणो नये ऐसी आज्ञा जाहली. पुढे पंत त्यांस आणावयास गेले, तेव्हा बाईंनी दाराआडून पुसिले, "मी जिवंत आहे, हे आता कशावरून म्हणता?" पंत तैसेच माघारी आले. वर्तमान जाहले ते इतुके.