बाळाची झोप आणि ब्राउझरची जोडणी

जगातला सगळ्यात चपळ ब्राउझर आपल्याच घरात तयार होणार, असं त्याने सकाळी चहा पितानाच जाहीर करून टाकलं. आयता उतरवून घेतात ते आळशी. आपण सोर्स कोडपासून बांधणार, आणि वर लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनही चालू करणार! म्हणजे काय, असं बायकोने जांभई देत विचारलं. वेगवेगळे तयार झालेले तुकडे शेवटी जोडताना संगणक सगळ्यांवर एकत्र नजर फिरवतो, फालतू ते छाटतो, असं त्याने समजावलं. तोवर तिचा डोळा लागला होता. तान्ह्या लेकीने रडून रडून घरात कुणालाच धड झोपू दिलं नव्हतं. मदतीला आलेल्या सासूबाईही मेटाकुटीला आल्या होत्या.

दुपारी जोडणी सुरू झाली आणि संगणकाला धाप लागली. मेमरी भरली, माऊस गोठला, पंखे पिठाच्या गिरणीसारखे घुमू लागले. हे काही संगणकाला झेपत नाही, म्हणून त्याने बंद करायच्या बटणाकडे हात नेला, तोच सासूबाईंनी मनगट धरलं.

"जावईबापू, खबरदार. पोर झोपलीय."

खरंच की. त्या घूं-घूं आवाजात लेक आजीच्या खांद्यावर विरघळली होती. तिला संगणकाशेजारीच गादीवर ठेवलं. संगणकाच्या खोक्यातून येणाऱ्या कोमट वाऱ्याने पडदा मंद हलत होता. बायको भिंतीला टेकून झोपली. त्याचेही डोळे जड झाले. स्वप्नात घराच्या खोल्या एकेक करून जोडल्या जात होत्या, मधल्या भिंती फालतू ठरून हलकेच गळून पडत होत्या, आणि सगळे एकाच निळसर खोलीत तरंगत होते.

जाग आली ती लेकीच्या टाहोने. पंखे गप्प. संगणक दुलईखाली गुदमरून बंद पडला होता. त्याचे दिवे पोरीच्या डोळ्यांवर येत होते म्हणून आपणच पांघरूण घातलं, असं सासूबाई ओशाळून म्हणाल्या.

ब्राउझरचं काय झालं, हे बायकोने विचारलंही नाही.

"तो आवाज परत सुरू कर," एवढंच म्हणाली.

त्याने जोडणी पहिल्यापासून लावली. पंखे घुमले. टाहो हुंदक्यांवर आला, हुंदके संथ श्वासावर, आणि घर पुन्हा पेंगलं.

ऊन कललं तेव्हा जोडणी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर उमटलं. पंखे मंदावले. लेकीने ओठ काढले. बायकोने डोळे न उघडताच त्याला कोपराने ढोसलं.

त्याने तो ब्राउझर एकदाही न उघडता पुसून टाकला आणि जोडणी पुन्हा सुरू केली.