हात न टेकता
सिद्रामप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची शोधतात. ती त्यांना स्वतःसाठी नको असते. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस तिच्यावर बसवायचं, त्याला हाताची घडी घालायला लावायची आणि म्हणायचं, “आता हात न टेकता उठा बघू.” माणूस उठलं तर अप्पा मान डोलावून चहा घेतात. नाही उठलं तर चहा निवतो आणि घरातल्यांना भाषण ऐकावं लागतं.

होटगी रोडवरच्या आमच्या कॉलनीला याची सवय झाली आहे. पण अप्पांना वेळकाळ कळत नाही. कोपऱ्यावरचे जोशी वारले तेव्हा आम्ही दोघं समाचाराला गेलो होतो. जोशीकाकू खुर्चीत बसून होत्या. बायका हुंदके देत होत्या, मी सांत्वनाचं एखादं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात अप्पा पुढे झाले.

“काकू, हात न टेकता उठता येतंय का बघा जरा.”

काकूंना वाटलं हाही काही विधी असावा. त्यांनी बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. अर्ध्यात पाय थरथरले आणि त्या मागे कोसळल्या. मग रडण्याचा जो कल्लोळ झाला तो विचारू नका. त्यांच्या मुलाने अप्पांचं कोपर धरून त्यांना फाटकाबाहेर आणून सोडलं. मागोमाग मीही निघालो.

“मांडीत काही राहिलं न्हाई तिच्या,” अप्पा मला म्हणाले. अपमान झाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. “पोरगा बापासाठी रडतोय. आई हाय की अजून. तिच्याकडं कोण बघणार?”

गंमत अशी की हाच माणूस जन्मभर गादीवर बसून होता. शहरात त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान होतं. लोडाला टेकलेले अप्पा हातातल्या पट्टीने फळीकडे खूण करायचे, नोकर चादर काढायचा. गिऱ्हाईक गेलं की चादरीची घडीसुद्धा नोकरच घालायचा. दुकानातून घरी रिक्षाने, घरात आले की पलंगावर. त्या काळात त्यांना चालताना पाहिल्याचं कॉलनीत कुणाला आठवत नाही.

आणि आता सत्तरी उलटल्यावर पायजम्याखाली जाडजूड बूट, दोन्ही हातांत वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि ऊन तापायच्या आत कॉलनीला फेऱ्या. दुधाच्या रांगेत एका पायावर उभे राहतात. खिडकीचे गज धरून बैठका मारतात आणि ती खिडकी नेमकी रस्त्याकडे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याची पोटरी दाबून पाहतात. रंगात आले की कानडीत शिरतात, “एळ्री, एळ्री,” म्हणजे उठा, उठा. “मांडी म्हंजे भांडवल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “तुमी सगळे भांडवल खाऊन जगताय.”

लोक मागे हसायचे. बायको गेल्यावर डोक्यावर परिणाम झाला, असं म्हणायचे. मीही हसणाऱ्यांतलाच होतो, मला हृदयविकाराचा झटका येईपर्यंत.

कॉलेजच्या कचेरीतून निवृत्त होऊन मला फार दिवस झाले नव्हते. एका सकाळी छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. दवाखाना, अँजिओप्लास्टी, आणि घरी परत. निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हळूहळू चालायला लागा, रोज थोडं वाढवा. मी मान हलवली. पण घरी आल्यावर अंथरुणातून पाय खाली ठेवायची भीती वाटायची. कूस बदलली तरी धडधड मोजत बसायचो. माझी बायको सुनंदा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. पाण्याचा पेला तोंडाला लावायची. चादर सारखी करायची. मी उठायला लागलो की खांदा दाबून म्हणायची, “पडून राहा. मी आहे ना.”

खोटं कशाला सांगू, मला ते बरं वाटायचं.

अप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आले. पांघरुणावरूनच त्यांनी माझी पोटरी चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“भाऊसाहेब, चला. फाटकापर्यंत फक्त. मी धरतो.”

“अप्पा, त्यांच्या हृदयाचं दुखणं आहे, पायाचं नाही,” सुनंदा म्हणाली.

“वहिनी, हृदय बी मांसच हाय की. काम न्हाई दिलं तर ते बी ढिलं पडतंय. डाक्टरला इचारा.”

ते रोज येऊ लागले. रोज तेच. मी डोळे मिटून झोपेचं सोंग करायचो आणि ते दोघं माझ्या अंगावरून भांडायचे. शेवटी एक दिवस त्यांनी माझं पांघरूण ओढलं आणि माझे पाय धरून पलंगाखाली सोडले. सुनंदाच्या हातात औषधाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “अप्पा, तुमच्या घरातलं एक माणूस गेलंय. माझ्या घरातलं नको.”

अप्पांनी माझे पाय पुन्हा पलंगावर ठेवले. पांघरूण घातलं, कडा नीट खोचल्या. त्या कामाला त्यांचा हात सरावलेला होता, हे मला तेव्हा जाणवलं. मग बूट हातात घेऊन ते अनवाणीच बाहेर पडले. त्यानंतर आले नाहीत.

मी मात्र वाळत चाललो. पायजम्याची नाडी आणखी आवळावी लागायची. उठून बसलं तरी धाप लागायची. महिनाभराने एका दुपारी सुनंदा दळण आणायला गेली असताना मी न्हाणीकडे निघालो. निम्म्या वाटेत गुडघे वाकले आणि मी भिंतीला घासत खाली बसलो. लागलं काहीच नाही. छातीतही दुखत नव्हतं. फक्त उठता येईना. हात टेकूनही येईना. सुनंदा येईपर्यंत मी फरशीवर बसून होतो, आणि तिला बिचारीला एकटीला मला उचलवेना. ती माझ्याशेजारी फरशीवर बसून राहिली. शेवटी शेजाऱ्यांना हाक मारली.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. “हृदय चांगलं सावरलंय,” ते म्हणाले. “पाय गेलेत. या वयात पडून राहिलं की मांस भराभर उतरतं आणि परत यायला फार वेळ घेतं. अशा पायांनी चाललात तर हृदयाला दुप्पट काम पडतं, म्हणून धाप लागते. चालायला सांगितलं होतं ना मी?”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. रिक्षात म्हणाली, “अप्पांकडे जाऊन या. मला तोंड नाही.”

त्यांचं घर आमच्यापासून चौथं. भिंती धरत, दोनदा कट्ट्यांवर टेकत मी तिथे पोचलो तेव्हा अंगाला घाम सुटला होता. अप्पा स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मला पाहून त्यांनी तवा उतरवला, हात धुतले. मी सुनंदाच्या वतीने काहीतरी बोलू लागलो.

“वहिनी बरोबरच बोलल्या,” ते म्हणाले. “माझ्या घरातलं माणूस मीच घालवलं.”

मी म्हणालो, “काय बोलताय अप्पा? काकूंची तुम्ही केलेली सेवा अख्ख्या कॉलनीनं पाहिलीय.”

ते खरं होतं. अप्पांची बायको, महादेवीकाकू, अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर अप्पांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. वेणी घालणं, भरवणं, भांडं देणं, सगळं स्वतः केलं. आमच्या बायका आम्हाला त्यांचं उदाहरण द्यायच्या.

“तेच की,” अप्पा म्हणाले. “हाड जुळलं होतं तिचं. व्यायाम शिकवायला बाई यायची. उभी केली की ही कळवळायची, ‘अय्यो’ म्हणायची. मला बघवंना. मी त्या बाईला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हिला म्हणलं, तू निवांत पड, मी हाय. लई खूश झाली. जन्मभर मी कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता तिला.”

त्यांनी पिठाच्या डब्याला झाकण लावलं.

“नंतर तीच म्हणायला लागली, मला उभं करा ओ. मी म्हणायचो, उद्या. तोवर पायात काही राहिलंच नव्हतं. मग छातीत कफ झाला. खोकून टाकायला बी जोर लागतो, भाऊसाहेब. तो बी नव्हता.”



“आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की बसवून नेतात,” अप्पा म्हणाले. “मांडी घालून, पाठ ताठ. किती महिने बसली नव्हती ती. त्या दिवशी बसवली. हार घातले. कॉलनीतली पोरं म्हणाली, चौघं मिळून उचलू. मी म्हणलं, थांबा. मी एकट्यानं उचलली तिला. गादीवर बसून आयुष्य काढलेला माणूस मी. काही वजनच नव्हतं ओ.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. अप्पा उठले, तवा परत ठेवला, माझ्यापुढे ताट आणलं. भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार. मी नको म्हणालो नाही. ते समोर बसले आणि मी खातो कसा ते बघत राहिले. भाकरी जरा कडक झाली होती.

“शेवटी शेवटी तिला भाकरी चावत नव्हती,” ते म्हणाले. “दुधात कुस्करून द्यायचो.”

मी घास चावत होतो.

“तुमी चावताय,” अप्पा म्हणाले आणि आणखी एक भाकरी ताटात टाकली.