बिनपरवान्याचे मास्तर

आमच्या नानांना धरून देण्याचं पुण्य माझ्याच पदरी आहे. भोरच्या बाजारात कांबळं घेताना एका भल्या गृहस्थाला मी फुशारकीनं सांगितलं, "आमचे चुलते संस्थानात जाऊन काळ्या मेंढ्यांच्या पाठीवर मुळाक्षरं शिकवतात. परवाना-बिरवाना काही नाही!" गृहस्थ पोट धरून हसला. तो संस्थानच्या कचेरीतला शिपाई निघाला. आणि मी त्याला धनगरवाड्याची वाटसुद्धा नीट समजावून सांगितली होती.

आम्ही इंग्रजी मुलखातले. गावच्या ओढ्यापलीकडे संस्थानची हद्द, म्हणजे परमुलूखच. तिथं बाहेरच्यानं शिकवायचं तर दरबारची परवानगी हवी, नाहीतर हद्दपारी. पेन्शनीत निघालेले, एकटे राहणारे नाना म्हणायचे, "शिकवायला परवाना? मग शिंकायलाबी काढतो! लिहून घ्या!"

'लिहून घ्या' हे त्यांच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट.

विद्यार्थी म्हणजे मिशा पिकलेले धनगर. चराईच्या चिठ्ठीत कुठला डोंगर लिहिलाय ते वाचता येत नसल्यानं त्यांची मेंढरं वरचेवर कोंडवाड्यात जायची. फळा टांगला तर शाळा ठरेल, म्हणून नानांनी नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या पसंत केल्या. पांढऱ्या मातीनं एका मेंढीवर एक अक्षर. अडचण एवढीच, की धोंडीबा मधेच ओरडायचा, "मास्तर, माझा ग कड्याकडं चालला की वो!"

"मग वळून आण. आलेलं अक्षर सोडायचं न्हाई. लिहून घ्या!"

शिपायानं नानांबरोबर ती ग-ची मेंढीही पुरावा म्हणून भोरला नेली. तोंड लपवत मीही मागोमाग गेलो. कचेरीत मेंढीनं पुराव्यात लेंड्यांची भर घातली. कारकून नाक धरून म्हणाला, "मास्तर, माफी मागा, अर्ज करा. सहा महिन्यांत परवाना येईल."

"तवर मेंढरं कितीदा कोंडायची? सुटलो की पुन्हा शिकवीन. लिहून घ्या!"

त्यानं खरोखरच लिहून घेतलं. नाना हद्दपार झाले. पलीकडे पाऊल पडलं तर तुरुंग.

दुसऱ्या सकाळी नाना ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, धनगर आणि मेंढ्या पलीकडच्या. नाना इंग्रजी मुलखातून ओरडायचे, धनगर संस्थानात गिरवायचे. शिपाई मधे पाण्यात उभा राहून नानांच्या पायांवर नजर ठेवायचा.

"पाय हितं हायत. आवाजाची हद्द कुठं हाय, ती दाखव!"

त्या साली धोंडीबानं चिठ्ठी वाचून, मेंढरं कोंडायला आलेल्या रानाच्या रखवालदारालाच तीत लिहिलेला डोंगर दाखवला. एकही मेंढरू कोंडवाड्यात गेलं नाही. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरले.

आता नाना घरी निजतील, असं मला वाटलं. सहज ओढ्याकडे गेलो, तर नाना नेहमीच्या वेळेला काठावर उभे. पलीकडे चिटपाखरू नाही. "ग," नाना ओरडले. उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबले. मग हळूच म्हणाले, "शाबास, धोंडीबा."

मी जांभळीआड डोळे पुसले आणि पाय न वाजवता घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

ती भाकरी थापायची थांबली. "आन् तुमी झाडामागं उभं ऱ्हायलात? वढा वलांडून त्यांच्या म्होरं बसायला काय झालं व्हतं?"